डावी बाजू

चूळ बेसिनमध्ये पडलीच नाही. तोंडात घेतलेलं पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून आपलं आपण निसटलं, हनुवटीवरून गळ्यावर आणि गळ्यावरून बनियनच्या आत उतरलं. जानेवारीतलं नाशिकचं पाणी, छातीवर चटका बसावा इतकं गार. सावळीरामला आधी वाटलं, झोप पुरती उतरलेली नाही. त्याने पुन्हा पाणी घेतलं, ओठ घट्ट मिटले, गाल फुगवले. उजवा फुगला. डाव्याला जणू ऐकूच गेलं नव्हतं. पाणी पुन्हा त्याच वाटेने गेलं, आणि मग त्याने मान वर करून आरशात पाहिलं. आरशात एक माणूस उभा होता. त्याचा उजवा डोळा घाबरलेला होता आणि डावा नुसताच उघडा होता. सावळीरामने सवयीने रागावून पाहिलं, मग हसून, मग तोंड वेंगाडून. तालमीच्या आधी विंगेत करायचा तसं. प्रत्येक वेळी उजवी बाजू हुकमाला धावली आणि डावी तिच्याकडे परक्यासारखी बघत राहिली. नंतर आठवलं तेव्हा त्याला स्वतःची लाज वाटली, पण त्या क्षणी पहिली आली ती भीती नव्हती. पहिला विचार आला तो असा, की हा चेहरा कुणाचा? एवढे चेहरे आपण गोळा केले, हा कसा सुटला?

"साधना," त्याने हाक मारली. नाव नीट निघालं. पुढे "बघ" म्हणायला गेला तर ओठ मिटेनात, ब फुटून हवा झाला. साधना पोह्यांवर झाकण ठेवून आली, दारातच थांबली, आणि मग तिने ओला हात पदराला पुसून त्याच्या डाव्या गालावर ठेवला, पोराचा ताप पाहावा तसा.

"दुखतंय?"

"नाही."

"हात लावलेला कळतोय?"

"कळतोय."

हेच त्याला सगळ्यात विचित्र वाटलं. तिची बोटं कळत होती. तिच्या हाताला आलेला कढीपत्त्याचा वास कळत होता. फक्त त्या बाजूने काही परत देता येत नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या मंगलाबाई म्हणाल्या, वारं लागलं, पहाटे कान उघडे ठेवून हिंडतात. डॉक्टर म्हणाले, लकवा नाही, घाबरू नका, चेहऱ्याची नस सुजली आहे, गोळ्या आणि शेक घ्या, काही महिन्यांत उतरेल. मग खाली बघून लिहिता लिहिता म्हणाले, काहींचं थोडं राहून जातं. तुम्ही काय करता?

काय करतो हे सांगताना सावळीरामला नेहमीच अडखळायला व्हायचं. मखमलाबादच्या मळ्यात शेवंती आणि गुलाब तोडून पहाटे बाजार गाठणाऱ्या घरातला तो पहिला पगारदार. नाशिक रोडला सरकारी नोटांच्या प्रेसमध्ये लागला तेव्हा बापाने आळीभर पेढे वाटले होते. नाटक तिथेच चिकटलं, कामगारांच्या स्पर्धेत, एका हवालदाराच्या कामाला ऐन वेळी माणूस आला नाही म्हणून. पुढे राज्य स्पर्धा, मग मुंबईच्या कंपन्यांचे दौरे, मग सिनेमातले एक-दोन दिवसांचे तुकडे, आणि शेवटी प्रेसमधून मुदतीआधी निवृत्ती. तलाठी, हेडमास्तर, कोर्टातला शिपाई, मुलीचा बाप. त्यातही मुलीचा बाप फार वेळा. हात जोडायचे, मान खाली, "एवढी पदरात घ्या" म्हणायचं आणि चौकटीबाहेर जायचं. एका म्हाताऱ्या दिग्दर्शकाने त्याला तरुणपणी सांगितलं होतं, तुझं तोंड म्हणजे धर्मशाळा आहे, कुणीही येऊन उतरावं. सावळीरामने ते शाबासकी म्हणून घेतलं होतं आणि तेच भांडवल करून तो जगला. रस्त्यात माणसं थबकायची, बोट रोखायची, तुम्हाला कुठंतरी पाहिलंय म्हणायची आणि मग विचारायची, बँकेत होतात का? तो हो म्हणायचा. काही वेळा त्या माणसाला हव्या असलेल्या बँकेच्या कारकुनासारखा तो दोन पावलं चालूनही दाखवायचा.

चेहरे तो बनवत नसे, आणत असे. बाप फुलं तोलताना खालचा ओठ आत ओढून घ्यायचा, तो सावकाराला लावला. प्रेसमधला एक साहेब ऐकू येत नसताना ऐकू आल्यासारखी मान हलवायचा, तो न्यायाधीशाला. कुणाला पत्ता लागायचा नाही. एक साधना सोडून. मूलबाळ नव्हतं, घर दोघांचंच. लग्नानंतरच्या वर्षांत ती त्याच्या प्रत्येक प्रयोगाला यायची, मागच्या रांगेत बसायची आणि घरी येताना रिक्षात हळूच सांगायची, आज मामंजी आले होते. एकदा राज्य स्पर्धेत त्याने शेतकरी केला. वाईट बातमी ऐकली की हनुवटी गळ्यात रोवून, ओठ मिटून हसणारा शेतकरी. बक्षीस मिळालं. रिक्षात साधनाने आधी पदर खांद्याभोवती ओढून घेतला. मग म्हणाली, "माझ्या भावाचं तोंड लावलंत आज." भिका तिचा धाकटा भाऊ, सटाण्याजवळ कांदा-भाजीपाल्याची शेती बघायचा, त्या दिवशी खास प्रयोगाला आला होता आणि पुढच्याच सीटवर ड्रायव्हरशेजारी बसला होता. तो मागे वळून म्हणाला, "दाजी, तो माणूस लय खरा केला तुम्ही. आमच्या शेजारी सेम असा एक जण शे." दोघं हसली. घरी पोचल्यावर, भिका झोपल्यावर, साधना कपडे घड्या करताना म्हणाली होती, बाहेर कुणाचीही तोंडं आणा, घरी येताना मात्र कुणाची घेऊन येत जाऊ नका. तिचा आवाज साधाच होता. सावळीरामने तेव्हा बरं म्हटलं होतं, आणि तसं तो वागलाही होता. घरात शिरला की तो चेहरा सैल सोडून द्यायचा. कधी कधी तो इतका रिकामा दिसायचा की आलेला पाहुणा विचारायचा, बरं नाही का?

आजार झाला त्याच महिन्यात मुंबईत एका नव्या मालिकेत वकिलाचं काम ठरलेलं होतं. कळवायला हवं होतं. कळवलं असतं तर काम गेलं असतं. तो मफलर गुंडाळून पंचवटी एक्स्प्रेसमध्ये बसला आणि सेटवर पोचेपर्यंत त्याने मफलर काढला नाही. दिग्दर्शक ललित, तिशीचा मुलगा, सतत दोन फोनवर बोलणारा. सावळीरामने मफलर काढला तसा त्याने एक फोन बंद केला, मग दुसराही. बराच वेळ तो बघत राहिला, आणि त्या बघण्यात दया नव्हती हे सावळीरामला लगेच समजलं, कारण तसं बघणं त्याच्या ओळखीचं होतं. तो स्वतः माणसांकडे तसंच बघत आला होता.

"सर," ललित म्हणाला, "वकील दुसरं कुणीही करेल. आपल्याकडे घरातला थोरला आहे, अप्पासाहेब. तो पहिल्या भागातच मरणार होता. त्याला मारायला नको. त्याला असा ठेवू या का? काही बोलणार नाही, नुसता खुर्चीत. घरात काय चाललंय ते सगळं त्याला कळतंय, पण सांगता येत नाही."

"बरा झालो तर?" सावळीरामने विचारलं.

"तेव्हाचं तेव्हा."

असे अप्पासाहेब घडले. आणि सावळीरामला नाइलाजाने कबूल करावं लागलं की एवढं चांगलं काम त्याने जन्मात केलं नव्हतं. अर्धा ओठ आणि एक डोळा, बाकी हालचाल नाही, शब्द नाही. सून दागिने चोरते आहे, मुलगा सह्या घेतो आहे, आणि खुर्चीतल्या माणसाच्या उजव्या पापणीखाली एक थरथर होऊन विझते. बायका स्वयंपाक ठेवून बघायला लागल्या. नाशिक रोडच्या स्टेशनवर हमालांनी त्याला वाट करून दिली. "अप्पासाहेब" म्हणून माणसं पाया पडायला लागली, आणि कुणीही विचारलं नाही की बँकेत होतात का. इतकी वर्षं दुसऱ्यांची तोंडं लावून जे मिळालं नव्हतं ते स्वतःच्याच मोडलेल्या तोंडाने दिलं होतं. रेल्वेच्या काचेत तो त्या तोंडाकडे पाहायचा. ते त्याला आवडायला लागलं होतं, आणि आवडतंय हे कळलं की तो काचेवरून नजर काढून घ्यायचा.

घरी रोज सकाळी तेल असायचं. फिजिओथेरपीवाल्या बाईने साधनाला शिकवलं होतं: हनुवटीपासून कानाकडे, खालून वर, घाई करायची नाही. ती गॅलरीत पाटावर बसायची, तो समोर स्टुलावर, वाटीतलं तिळाचं तेल उन्हात ठेवून कोमट केलेलं. तो डोळे मिटायचा. डावा मिटत नसे, म्हणून ती बोटाने पापणी ओढून धरायची. त्या आजारात डाव्या कानाला आवाज मोठे ऐकू यायचे. तिच्या बांगड्या, तिचा श्वास, तेलात बोट बुडवल्याचा आवाजसुद्धा. आणि ती बोलायची. इतक्या वर्षांत ती एवढं बोलल्याचं त्याला आठवत नव्हतं. लहानपणी भिका विहिरीत पडला होता आणि तिने ओरडायच्या ऐवजी आधी त्याची चप्पल शोधली होती, कारण चप्पल हरवली तर बाप मारेल. शाळेतल्या गॅदरिंगमध्ये तिला राणीचं काम मिळालं होतं, आणि आदल्या दिवशी काढून घेतलं होतं, रंग सावळा म्हणून. हे तिने त्याला कधीच सांगितलं नव्हतं. त्याला विचारायचं होतं, मग तू काय केलंस? पण ओठावर तिचा अंगठा होता, आणि मनात दुपारच्या गाडीचा आणि उद्याच्या सीनचा हिशेब चाललेला असायचा. एकदा म्हणाली, सप्तशृंगीला नवस बोलले आहे, तोंड सरळ झालं की पायऱ्या चढून येईन. गुडघे दुखायचे तिचे. तो म्हणाला, कशाला एवढं. ती म्हणाली, माझं मी बघेन.

पोळ्याच्या दिवशी बरं झालं. म्हणजे होत आलेलंच होतं, हळूहळू, पण त्या दिवशी ते त्याला सापडलं. खाली रस्त्याने कुणाचे तरी सजवलेले बैल चालले होते, पोरं मागे, हलगी वाजत होती. तो खिडकीत उभा होता. बैलाने एका माणसाच्या हातातली पुरणपोळी हिसकली, तो माणूस दचकला, आणि सावळीराम हसला. हसल्यावर त्याच्या लक्षात आलं की गाल दोन्हीकडून वर गेले आहेत. तो धावत बेसिनपाशी गेला. गाल फुगवले, फुगले. भुवया उचलल्या, उचलल्या. स्वयंपाकघरात साधना पुरण वाटत होती, रेडिओ चालू होता. "साधना" म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. आज सणाचं, संध्याकाळी निवांत सांगू असं त्याने ठरवलं. संध्याकाळी मंगलाबाई बसायला आल्या. त्यांचा भाचा मुंबईत मालिकांच्याच धंद्यात होता. दुसऱ्या दिवशी तर पहाटेच गाडी. सेटवर ललितने नेहमीसारखं विचारलं, डॉक्टर काय म्हणतात सर, आणि विचारताना त्याची नजर क्षणभर सावळीरामच्या गालावर अशी घुटमळली की सावळीरामने न ठरवता डावी बाजू सोडून दिली. "आहे तसंच," तो म्हणाला.

त्यानंतर सांगायला जागा राहिली नाही. साधनाला सांगायचं तर ती गडावर जाणार, नवस फेडणार, येताना प्रसाद आणणार आणि तो सगळ्या बिल्डिंगमध्ये वाटणार. शिवाय चेहरा अंगवळणी राहायला हवा. दिवसभर सरळ आणि कॅमेऱ्यासमोर वाकडा असं करत राहिलं तर कुठेतरी शिवण दिसेल. हे त्याने स्वतःला धंद्याचं गणित म्हणून समजावलं. घरात चहा पिताना तो एक ओघळ हनुवटीवर येऊ द्यायचा. ब आणि प मऊ करून बोलायचा. तेल लावून घेताना गाल सैल सोडायचा आणि डाव्या डोळ्याची पापणी तिच्या बोटाची वाट बघत उघडी ठेवायचा. तेव्हा डोळ्यात उन्हाची तिरीप जायची, पाणी यायचं, आणि ती पदराने ते टिपायची. एका दुपारी शूटिंग नव्हतं, जेवून तो आडवा झाला आणि गाढ झोपला. जाग आली तेव्हा साधना समोरच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर उसवलेला परकर, हातात सुई, आणि सुई चालत नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती. तो जागा झालेला पाहिल्यावर तिने मान खाली घातली आणि टाका घातला. "काय झालं?" त्याने विचारलं. "काही नाही," ती म्हणाली, "झोप लागली होती तुम्हाला." पुढच्या सकाळी वाटी उन्हात ठेवलेली होतीच. फक्त ती आता पूर्वीसारखी बोलेनाशी झाली. गुडघे दुखत असतील, असं त्याने धरलं.

एप्रिलमध्ये सटाण्याहून फोन आला. भिका कांदा काढायला लावलेल्या बायकांना पाणी द्यायला बांधावर गेला आणि तिथेच बसला, बसला तो उठलाच नाही. पोचेपर्यंत संपलं होतं. एस.टी.त साधना खिडकीशी बसली होती.  चांदवडच्या स्टँडवर म्हणाली, पाणी हवंय का तुम्हाला? तो नको म्हणाला. सावळीरामच्या आत काहीतरी मोठं हलत होतं. भिका त्याला फार आवडायचा. साधनाच्या माहेरी जावई म्हणून तो अवघडून बसायचा तेव्हा भिकाच त्याला उचलून मळ्यात न्यायचा, विहिरीच्या काठावर बसवून शेंगा भाजून द्यायचा आणि विचारायचा, दाजी, खोटं खोटं रडता तेव्हा पाणी कुठून आणता? सावळीराम सांगायचा, साठवलेलं असतं. आणि भिका हनुवटी रोवून हसायचा.

अंगण माणसांनी भरलेलं होतं. भिकाला भिंतीशी टेकवून बसवलं होतं, डोक्याला टॉवेल, कपाळाला गुलाल. हनुवटी खाली आली होती, गळ्यात रुतल्यासारखी. सावळीराम पुढे झाला, गुडघ्यावर बसला, त्याचे पाय धरले आणि त्याला रडू फुटलं. खरं रडू. पोटातून, आवाजासकट, नाक गळत, तोंड पसरत चाललेलं. इतक्या वर्षांत तो असा रडला नव्हता. कुठल्या सीनचा नव्हे, कुणाकडून आणलेला नव्हे. आणि त्याच वेळी मागून, बैलगाडीपाशी उभ्या असलेल्या माणसांतून, हलक्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "तो देख, टीव्हीमधला अप्पासाहेब शे." दुसरा म्हणाला, "खरंच तोंड वाकडं शे का रे त्याचं?" तेवढंच. सावळीरामच्या डाव्या गालाने ते ऐकलं. त्याने काही केलं नाही. निदान पुढे कितीही दिवस आठवून पाहिलं तरी, आपण काही केलं असं त्याला आढळलं नाही. गालच थांबला. ओठाचा डावा कोपरा वर चाललेला तिथून खाली आला आणि लोंबला, डोळा तसाच ताठ उघडा राहिला. उजवी बाजू रडत होती, तिच्यातून पाणी वाहत होतं, हुंदका येत होता, डावी गप्प. रडणं आतमध्ये एका बाजूला जाऊन तुंबल्यासारखं झालं. त्याने मान उचलली. घराच्या ओट्यावर बायकांमध्ये साधना उभी होती. तिचं रडणं थांबलेलं होतं. ती भावाकडे बघत नव्हती.

सगळं उरकल्यावर, माणसं पांगल्यावर, भिकाची बायको सरुबाई त्याच्यासाठी चहा घेऊन आली. डोळे सुजलेले, पण जावयाशी बोलायचं म्हणून तिने पदर सावरला. ती बोलत राहिली, गप्प बसवत नव्हतं म्हणून. मागल्या पोळ्यानंतर दाजी, ताई आल्या ना नवस फेडायला, तर हेच घेऊन गेले गडावर. ताईंचे गुडघे दुखत, तर अर्ध्या पायऱ्या हाताला धरून चढवल्या. म्हणाले, आक्का, दाजी बरे झाले तर त्यांना का नाही आणलं? ताई म्हणाल्या, त्यांना कामं आहेत. आता कोण घेऊन जाईल ताईंना, सरुबाई म्हणाली. सावळीरामने कप खाली ठेवून दिला. भिकालाही माहीत होतं. विहिरीपाशी दिवाळीत भिकाने त्याच्या तोंडाकडे बघत शेंगा सोलल्या होत्या आणि एक शब्द विचारला नव्हता.

साधना घरामागे कांदा साठवायच्या चाळीपाशी उभी होती. कुडाच्या फटींतून नव्या कांद्याचा उग्र वास येत होता. तो तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला.  भिका गेल्याचं बोलावं, की नवसाचं. तीच बोलली, त्याच्याकडे न बघता.

"आज तरी पुरतं रडायचं होतं."

तिच्या आवाजात राग असता तर त्याला काही म्हणता आलं असतं. ती तेराव्यापर्यंत माहेरी राहिली. तो दुसऱ्या दिवशी निघाला, कारण शूटिंग होतं. नाशिक रोडच्या रिकाम्या घरात त्याने एक-दोनदा भिकाला आठवून बघितलं. विहीर, शेंगा, बांधावर बसलेला माणूस. डोळे भरायचे, पण त्याबरोबर डावी बाजू खाली उतरायची, आणि तो बेसिनपाशी जाऊन बोटांनी ओठ वर ढकलून बघायचा. डॉक्टर म्हणाले, तुमची नस ठणठणीत आहे. सेटवर त्याने ललितला बाजूला घेतलं. म्हणाला, मला एक सांगायचं आहे, मी बरा झालो आहे, पोळ्यापासूनच. ललितने मेकअपवाल्या मोहिनीकडे पाहिलं आणि दोघांना हसू आलं, वाईट नव्हे, लाडकं असं. "सर, माहीत आहे आम्हाला. हिने तेव्हाच सांगितलं, ब्रश फिरवताना गाल आखडतात म्हणून. तुम्ही इतकं छान धरून ठेवता की आम्ही म्हटलं, आपण काही बोलायचं नाही. आहे तसं चालू द्या." सावळीराम खुर्चीत जाऊन बसला. त्या दिवशी सून अप्पासाहेबांच्या उशीखालच्या किल्ल्या काढून घेते असा सीन होता. तो पहिल्या टेकमध्ये झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या तरी तो उठला नाही. कुणासाठी लपवलं, हा प्रश्न त्याच्यासमोर इतका सरळ उभा होता की त्याला वळसा घालून जाता येईना.

साधना आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत ऊन आलं होतं. वाटी ठेवलेली होती. ती पाटावर बसली, तिने बोटं तेलात बुडवली आणि नेहमीसारखा त्याच्याकडे हात केला. माहेरी ती वाळली होती. तिच्या मनगटावर बांगड्या सैल झाल्या होत्या.

"साधना," तो म्हणाला, आणि प्रत्येक अक्षर जिथलं तिथे, नीट उच्चारत म्हणाला, "मी बरा झालो आहे."

"माहीत आहे."

"तिकडे सगळ्यांनाच माहीत होतं. उगीचच मी..." त्याने वाटीकडे पाहिलं. "तू त्या दुपारी बघितलंस ना? झोपलो होतो तेव्हा?"

"दोन्ही डोळे मिटले होते तुमचे," ती म्हणाली. "मला इतका आनंद झाला होता. वाटलं, उठल्यावर सांगतील. त्यांनाच अजून कळलं नसेल."

खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. ती सुरू होत नव्हती. सावळीरामने ती सुरू व्हायची वाट पाहिली, आणि मग विचारलं, "मग तेल का लावत राहिलीस?"

साधनाने बोटांकडे पाहिलं. तेल मनगटाकडे ओघळत होतं, ते तिने दुसऱ्या हाताने निपटून परत वाटीत सोडलं. "तेवढा वेळ तुम्ही माझ्यापाशी बसायचात," ती म्हणाली. "बाकी दिवसभर कोण असायचं घरात ते मला समजत नव्हतं. वाटायचं, तेल लावताना तरी गाल खराच सैल सोडत असतील."

हो म्हणणं सोपं होतं. त्याने ते तोंडापर्यंत आणलंही. पण काही सकाळी तो गाल मोजूनमापून सैल सोडत होता आणि काही सकाळी तिच्या हाताच्या उबेने सोडायचं विसरून गेला होता, आणि गाल तसाच सैल राहिला होता. यातल्या कुठल्या किती, हे आता त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. राणीचं काम काढून घेतल्यावर तू काय केलंस, हे तिला विचारावंसं वाटलं. त्या प्रश्नाला फार उशीर झाला होता, की आताच विचारायला हवं होतं? तो स्टुलावर पुढे सरकला, चेहरा तिच्याकडे केला आणि डोळे मिटले. दोन्ही. पापण्यांआड ऊन लालसर झालं.

तो थांबला. पाट सरकल्याचा आवाज आला. बांगड्या वाजल्या, पण जवळ नव्हे, लांब जाताना. आत नळ सुटला, साबणाच्या वडीचा हातात फिरल्याचा आवाज, पुन्हा नळ, बराच वेळ. तेल साध्या पाण्याने निघत नाही. मग ती गॅलरीत परत आली, त्याच्या अंगावरून कठड्यापाशी गेली आणि खाली आलेल्या भाजीवाल्या चिमणाबाईला तिने मेथीची जुडी कशी दिली ते विचारलं. चिमणाबाईने भाव सांगितला. साधनाने तो जास्त असल्याचं सांगितलं. चिमणाबाई म्हणाली, "ताई, भाऊ गेला म्हणे तुमचा." साधना म्हणाली, "हो. गेला." मग एक जुडी ठेव म्हणाली आणि जिन्याकडे निघाली. सावळीराम स्टुलावर तसाच बसून होता, मान किंचित पुढे, डोळे मिटलेले. जिन्यात तिची पावलं एका वेळी एक, दुखऱ्या गुडघ्यांनी, खाली उतरत गेली. त्याने चेहरा मागे घेतला नाही.